जळके तेल पोटात, परदेशी तेल इंजिनात!

दरवर्षी १० ऑगस्टला आपल्याकडे जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो. व्यासपीठे सजतात, हिरवे फलक झळकतात आणि भाषणांतून एक कथा हमखास सांगितली जाते : रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९३ साली याच दिवशी शेंगदाण्याच्या तेलावर आपले इंजिन चालवून दाखवले. कथा गोड आहे. खरी मात्र अर्धीच आहे. १० ऑगस्ट १८९३ रोजी ऑग्सबुर्ग येथे डिझेलचे प्रायोगिक इंजिन प्रथम स्वतःच्या शक्तीने फिरले, एवढे खरे. शेंगदाणा तेलावरचे प्रात्यक्षिक झाले ते १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात, आणि तेही फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून. आपल्या आफ्रिकी वसाहतींत शेंगदाणा मुबलक पिकतो, तेव्हा तेथील इंजिनांसाठी बाहेरून कोळसा अथवा खनिज तेल नेण्याची वेळ येऊ नये, हा फ्रेंचांचा रोकडा हिशेब होता. वसाहती राखू पाहणाऱ्या एका साम्राज्याला १९०० साली जे उमगले होते, ते स्वातंत्र्याची पंच्याहत्तरी उलटलेल्या भारताला अद्याप कृतीत आणता आलेले नाही. या दिनाच्या सोहळ्यामागची खरी कथा ही आहे.

आजची स्थिती पाहा. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. वर्षाकाठी सुमारे नऊ कोटी टन डिझेल जाळतो. त्यात मिसळल्या जाणाऱ्या बायोडिझेलचे प्रमाण एक टक्काही भरत नाही. स्वयंपाकघरातील स्थिती याहून फारशी बरी नाही. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवरच भागते. म्हणजे मालमोटारीच्या टाकीत परदेशी तेल आणि कढईतही परदेशी तेल! आणि त्या कढईत तळून तळून काळे पडलेले, वस्तुतः इंजिनात जायला हवे असे तेल कोठे जाते? त्यातील मोठा भाग पुन्हा दुसऱ्या कढईत जातो आणि तेथून आपल्या मुलाबाळांच्या पोटात. हा उफराटा व्यवहार थांबवता येतो. त्यासाठी लागणारे शास्त्र जुने आहे, नियम हाताशी आहेत, तंत्र आवाक्यातले आहे. उणीव आहे ती निर्धाराची, आणि ती दिल्लीच्या मंत्रालयापासून आपल्या घरच्या ओट्यापर्यंत सर्वत्र आहे.

वीस टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर

बायोडिझेलचा आपला इतिहास म्हणजे घोषणांचा इतिहास. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळलेल्या इंधनावर धावली आणि देशात उत्साहाची लाट उसळली. एप्रिल २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला. जट्रोफा, म्हणजे आपल्याकडे मोगली एरंड किंवा चंद्रज्योत म्हणतात ते झुडूप, एक कोटी हेक्टरहून अधिक क्षेत्रावर लावावे आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिसळावे, असे स्वप्न त्यात रंगवले होते. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी या कल्पनेचा मनःपूर्वक पुरस्कार केला. रेल्वेने रुळांच्या कडेने रोपे लावली. यापुढे डिझेल आखातातून नव्हे तर परसातून येईल, असा घोष छत्तीसगडमध्ये घुमला.

पुढे काय झाले? ज्या वनस्पतीची पीक म्हणून कधी शेतीच झाली नव्हती, जिचे एकही सुधारित वाण शेतकऱ्याच्या हाती नव्हते, ती लाखो हेक्टरवर लावण्याचा घाट घातला गेला. पाणी नको, खत नको, निगा नको, पडीक जमिनीवर हेक्टरी कित्येक टन बी मिळेल, असे शेतकऱ्याला सांगण्यात आले. निसर्गाचा साधा न्याय असा, की जो काही घेत नाही तो काही देतही नाही. हलक्या जमिनीवर, पाण्यावाचून वाढलेल्या झुडपांनी हेक्टरी टनभर बी देतानाही मारामार केली. पुन्हा कागदोपत्री जिला 'पडीक' म्हटले, ती जमीन अनेक ठिकाणी गावाच्या गुरांचे गायरान होती, गोरगरिबांच्या सरपणाचा आधार होती. याचा विचार अहवाल लिहिणाऱ्यांना शिवला नाही. या झुडपाच्या बिया विषारी. त्या खाऊन मुले रुग्णालयात दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातील वृत्तपत्रे अधूनमधून छापत असतात. बी लावा म्हणून सांगणाऱ्यांनी ही सूचना तेवढ्याच मोठ्या आवाजात दिली होती काय?

यावर कळस चढवला तो खरेदी-धोरणाने. १ जानेवारी २००६ पासून तेल कंपन्यांनी बायोडिझेल लिटरला २५ रुपये दराने घ्यावे, असे ठरले. बी गोळा करणे, गाळणे आणि प्रक्रिया करणे यांचा खर्चच त्याहून अधिक येत होता. त्या दराने विकायला कोण पुढे येणार? शेतकऱ्यांनी झुडपे उपटून टाकली, कारखाने बंद पडले आणि दोष मात्र बायोडिझेलच्या माथी मारण्यात आला.

डिसेंबर २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने वीस टक्क्यांचेच उद्दिष्ट २०१७ पर्यंत पुढे ढकलले. २०१८ च्या धोरणाने ते पाच टक्क्यांवर आणले आणि मुदत दिली २०३०. प्रथम २०१२ पर्यंत वीस, मग २०१७ पर्यंत वीस, आता २०३० पर्यंत पाच! सरकारे बदलली, मंत्री बदलले. उद्दिष्टाचा हा घसरता आलेख मात्र कोणाच्याही झोपेआड आला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये जट्रोफापासून बनवलेल्या इंधनाचा अंश वापरून डेहराडून ते दिल्ली विमान उडाले, तेव्हा पुन्हा एकदा टाळ्या झाल्या. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेतील शास्त्रज्ञांचे ते यश निःसंशय अभिमानास्पद होते. परंतु प्रयोगशाळेने बाजी मारायची आणि बाजाराने ती घालवायची, हा आपला जुना रोग त्यामुळे बरा झाला नाही.

शास्त्र काय सांगते?

बायोडिझेलविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक म्हणजे, ते जादूचे पाणी आहे. दुसरा म्हणजे, ते भंपक आहे. दोन्ही अज्ञानातून आलेले आहेत.

वनस्पती तेल थेट डिझेल इंजिनात ओतले तर इंजिन काही काळ चालते. परंतु तेल डिझेलच्या दहापटीहून अधिक दाट असल्याने त्याचा फवारा नीट उडत नाही, अर्धवट जळलेला कार्बन साचतो आणि इंजिन निकामी होऊ लागते. त्यावर उपाय रसायनशास्त्राने शोधला. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लाच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅशच्या सान्निध्यात, साठेक अंश तापमानाला, तेलात मिथेनॉल घुसळले की ग्लिसरीन सुटे होऊन तळाशी बसते आणि प्रत्येक साखळी मिथेनॉलशी जोडली जाऊन पातळ, सोनेरी द्रव वर राहतो. धुऊन आणि कोरडा करून घेतलेला तो द्रव म्हणजे बायोडिझेल. शंभर किलो तेलाला दहा-अकरा किलो मिथेनॉल खर्ची पडते; सुमारे शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलोच्या आसपास ग्लिसरीन हाती येते. ग्लिसरीन साबण, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या उत्पादकांना हवेच असते. अशा रीतीने तेलापासून इंधन करण्याचे पेटंट बेल्जियममधील शावान यांना १९३७ साली मिळाले होते. म्हणजे हे तंत्र नवे नाही, गुप्त नाही आणि कोणाची मक्तेदारीही नाही.

तळणीच्या वापरलेल्या तेलापासूनही बायोडिझेल होते. त्याला दोन पायऱ्या अधिक चढाव्या लागतात, एवढेच. अन्नाचे कण गाळून आणि पाणी उडवून ते तेल शुद्ध करावे लागते. वारंवार तापल्याने त्यात मोकळी मेदाम्ले वाढलेली असतात आणि कॉस्टिकशी गाठ पडताच त्यांचा साबण होतो. म्हणून आधी आम्लाची प्रक्रिया करून ती ताळ्यावर आणावी लागतात. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असल्याने हा घरगुती खटाटोपाचा विषय नव्हे. परंतु जिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम कारखान्याला ते सहज जमते.

आता गुणांविषयी. बायोडिझेलमध्ये गंधक जवळजवळ नसते. त्याच्या वजनाचा सुमारे अकरा टक्के भाग प्राणवायूचा असल्याने ते अधिक पूर्णपणे जळते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ साली तेव्हाच्या इंजिनांवरील चाचण्यांचा मेळ घातला, तेव्हा वीस टक्के मिश्रणाने धुरातील कण सुमारे दहा टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड अकरा टक्क्यांनी आणि न जळलेले हायड्रोकार्बन वीस टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ते सहजासहजी पेट घेत नाही, त्यामुळे साठवणे डिझेलपेक्षा सुरक्षित. सांडले तर मातीत विघटन पावते. आणखी एक गुण फारसा कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ डिझेल आले, त्यातील गंधक दशलक्ष भागांत दहा भागांवर आणले गेले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण कमी होतो आणि तो अन्य मार्गाने भरून काढावा लागतो. एक-दोन टक्के बायोडिझेल मिसळले तरी हे काम होते. भारतीय मानकांनी साध्या डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुभा दिलेली आहे. त्यासाठी इंजिनात कोणताही बदल लागत नाही.

मर्यादाही लपवण्याचे कारण नाही. लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा आठ-दहा टक्के कमी मिळते. नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण किंचित वाढते. कडाक्याच्या थंडीत ते गोठू लागते, फार काळ साठवले तर बिघडते आणि जुन्या वाहनांतील रबरी नळ्यांना अधिक प्रमाणातील मिश्रण मानवत नाही. लागणारे मिथेनॉलही आज बहुतांशी आयातच होते. परंतु पाच-सात टक्के मिश्रणात इंजिनाशी संबंधित या मर्यादांचा उपद्रव नगण्य ठरतो. आपल्याला शंभर टक्के बायोडिझेलवर देश चालवायचा नाही. पाच टक्क्यांचे दिलेले वचन पाळायचे आहे.

ताटातले तेल टाकीत नको

वचन पाळण्याचा एक सोपा आणि तितकाच घातक मार्ग आहे, आणि काही मंडळींचा त्यावर डोळा आहे : पाम तेलाचे पदार्थ आयात करा, प्रक्रिया करा आणि 'स्वदेशी हरित इंधन' म्हणून विका. पाम स्टिअरिन आयात करून बायोडिझेल बनवण्याचे प्रकार आपल्याकडे झालेलेच आहेत. आखाताची ताबेदारी सोडून आग्नेय आशियाची पत्करायची, यात कसले स्वावलंबन?

इंडोनेशियाचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. त्या देशाने आपल्याच पाम तेलापासून बायोडिझेल करून डिझेलमध्ये मिसळण्याचे प्रमाण वाढवत नेले. २०२३ मध्ये ते ३५ टक्के होते, २०२५ पासून ४० टक्के झाले. स्वतःच्या हिताच्या दृष्टीने त्यांनी योग्य तेच केले. परंतु त्यांच्या टाकीत गेलेला प्रत्येक टन आपल्या बाजारात कमी येतो आणि दर चढतात. २८ एप्रिल ते २३ मे २०२२ या काळात तर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यातच बंद केली होती. युक्रेन युद्धामुळे सूर्यफूल तेलाची वाट आधीच अडलेली होती. त्या उन्हाळ्यात किराणा दुकानात तेलाची पिशवी घेताना गृहिणींच्या कपाळावर ज्या आठ्या पडल्या, त्यांचा उगम जाकार्तातील एका निर्णयात होता. आणि पामच्या लागवडीसाठी तेथील किती जंगले व दलदलीच्या जमिनी जाळल्या गेल्या, हा पर्यावरणाच्या नावाने चाललेल्या व्यवहारावरचा आणखी एक काळा डाग.

म्हणून नियम स्वच्छ हवा : ज्या देशाला स्वतःच्या ताटापुरते तेल पिकवता येत नाही, त्याने ताजे खाद्यतेल, देशी असो वा परदेशी, इंजिनात ओतू नये. बायोडिझेल व्हावे ते एकदा वापरून झालेल्या तेलाचे आणि अखाद्य तेलाचे.

विषाला भाव अधिक!

येथे प्रश्न इंधनाचा राहत नाही, आरोग्याचा होतो. तेल वारंवार तापवले की त्यात 'टोटल पोलर कंपाउंड्स' म्हणून मोजली जाणारी घातक संयुगे वाढत जातात. रक्तदाब, रक्तवाहिन्यांचे काठिण्य, यकृताचे विकार यांच्याशी त्यांचा संबंध जोडला गेला आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून या संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली. त्यापुढे ते तेल अन्नासाठी वापरण्यास मनाई आहे. १ मार्च २०१९ पासून, रोज ५० लिटरहून अधिक तेल तळणीसाठी वापरणाऱ्यांनी नोंदवही ठेवावी आणि वापरलेले तेल अधिकृत संकलकालाच द्यावे, असा दंडक आला. १० ऑगस्ट २०१९ रोजी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत अशा तेलापासून बनवलेले बायोडिझेल विकत घेण्याची तयारी जाहीर केली. दर ठरला पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२ रुपये ७० पैसे आणि तिसऱ्या वर्षी ५४ रुपये ५० पैसे.

कागदावर सारे चोख. मग गाडे अडले कोठे? उत्तर साध्या गणितात आहे. बायोडिझेल बनवणाऱ्याला जळके तेल अशा दराने घ्यावे लागते, की वाहतूक, मिथेनॉल, वीज आणि मजुरी यांचा खर्च जाऊन त्याचा माल तेल कंपनीच्या दरात बसला पाहिजे. उलट तेच तेल गाळून, ताज्यात मिसळून पुन्हा तळणीला वापरणाऱ्याची तुलना असते ती लिटरला शंभराहून अधिक रुपये मोजाव्या लागणाऱ्या ताज्या तेलाशी. साहजिकच तो अधिक भाव देऊ शकतो. मोठ्या उपाहारगृहाच्या मागच्या दाराने डबे निघतात, मध्यस्थाकडे जातात आणि रस्त्यावरच्या गाडीवरील कढईत रिकामे होतात. आपल्या बाजारात विषाला इंधनापेक्षा अधिक भाव मिळतो, आणि ही व्यवस्था मोडण्याची जबाबदारी ज्यांची, ते नोंदवह्या तपासल्याचे शिक्के मारत बसतात. गाडीवरच्या गरीब विक्रेत्याला बडवून यातून काही साधणार नाही. तो साखळीचे शेवटचे टोक आहे. पकडायला हवे ते पहिले टोक, जेथे तेल एकगठ्ठा निघते आणि जेथे परवाना, हिशेब व कर यांची कागदपत्रे असतात.

याच प्राधिकरणाचा २०१८ सालचा अंदाज होता, की २०२२ पर्यंत वर्षाला २२० कोटी लिटर वापरलेले तेल गोळा होऊ शकेल. नऊ कोटी टन डिझेल म्हणजे ढोबळमानाने १०,८०० कोटी लिटर. त्याच्या तुलनेत २२० कोटी लिटर म्हणजे दोन टक्के. हे पाहून नाके मुरडणारे अर्थपंडित भेटतात : 'दोन टक्क्यांनी काय होणार?' त्यांना विचारावे, लिटरमागे ५० रुपये धरले तरी वर्षाचे ११ हजार कोटी रुपये होतात. ही रक्कम परदेशी जाण्याऐवजी देशातील संकलक, कामगार आणि कारखानदार यांच्या हाती पडली तर ती क्षुल्लक कशी? आणि २२० कोटी लिटर विष आपल्या अन्नातून आणि गटारांतून दूर झाले, त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडणार?

या क्षेत्रात भामटेही शिरले आहेत, हे सांगणे कर्तव्य आहे. औद्योगिक वापराची स्वस्त खनिज तेले मिसळून 'बायोडिझेल' या नावाने विकणाऱ्या पंपांवर गुजरातेत २०२१ मध्ये मोठी कारवाई करावी लागली. त्या द्रवात 'बायो' काहीच नव्हते. स्वस्ताच्या मोहाने ते भरणाऱ्या मालमोटारींची इंजिने बिघडतात आणि बदनामी होते खऱ्या बायोडिझेलची. मानकांप्रमाणे तपासणी न झालेला थेंबही विकला जाऊ नये, यासाठी कडक पहारा हवा.

दारचा करंज विसरलो

दोन टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर जायचे तर अखाद्य तेलबियांची जोड हवी. जट्रोफा या परदेशी पाहुण्याच्या मागे धावताना आपण दारचा करंज विसरलो. कोकणातील ओढ्याकाठी, देशावरील रस्त्यांच्या कडेने, विदर्भातील नाल्यांच्या कडेने करंज पिढ्यान्पिढ्या उभा आहे. पूर्वी त्याचे तेल दिव्यात जळे, त्वचारोगावर लावले जाई. पेंड शेतात खत आणि कीडनाशक म्हणून पडे. झाड शेंगवर्गीय असल्याने जमिनीत नत्र स्थिर करते. क्षार आणि अवर्षण सोसते, घनदाट सावली देते. बियांत सुमारे तीस टक्के तेल असते आणि ते कडू असल्याने अन्न की इंधन हा पेचच उरत नाही. मोहाचेही तेल निघते. परंतु ते अनेक वनवासी कुटुंबांच्या जेवणात असते, तेव्हा त्याकडे इंधनवाल्यांनी वाकड्या नजरेने पाहू नये.

करंजाने काय होऊ शकते, हे दाखवून देणारा प्रयोग शेजारच्या कर्नाटकात झाला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. उडुपी श्रीनिवास यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस तुमकूर जिल्ह्यातील कग्गेनहळ्ळी परिसरात करंज तेलावर जनित्रे चालवून गावकऱ्यांच्या कूपनलिकांतून पाणी उपसून दाखवले. तेल गावच्या आसपासचे, पेंड शेताला, पाणी शिवाराला. त्या कामाचा अनुकरणीय भाग यंत्रापेक्षा त्यामागच्या दृष्टीत आहे. तेथे इंधन दिल्लीच्या उद्दिष्टासाठी निर्माण झाले नाही. गावाच्या गरजेसाठी झाले.

अर्थात जट्रोफाची चूक करंजाबाबत पुन्हा करण्याचे कारण नाही. करंजाला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात आणि झाडागणिक उत्पन्न फार बदलते. म्हणून आधी भरघोस फळणाऱ्या झाडांची निवड आणि त्यांची कलमे. मग बांध, रस्त्यांच्या कडा, कालव्यांचे काठ येथे लागवड. गायरानावर अतिक्रमण अजिबात नाही. आणि बी गोळा करणाऱ्याला हमीभाव. कृषी विद्यापीठांनी हे काम निष्ठेने दहा वर्षे केले, तर पुढच्या पिढीला त्याचे फळ खऱ्या अर्थाने मिळेल.

जे इथेनॉलला साधले...

'हे सारे आपल्या देशात होणे नाही', असे म्हणणाऱ्या निराशावाद्यांपुढे एकच उदाहरण ठेवावे. २०१४ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलच्या परिणामांविषयी वाद असतील, आहेत. परंतु ठरवले तर ही व्यवस्था हलते, हे त्याने सिद्ध केले. इथेनॉलला काय मिळाले? कच्च्या मालानुसार दरवर्षी ठरवून दिलेला भाव, खरेदीची हमी, कारखान्यांसाठी कर्जाची सवलत. बायोडिझेलला काय मिळाले? एक दिन आणि काही भाषणे. फरक उघड आहे. इथेनॉलच्या पाठीशी साखर कारखानदारीची संघटित ताकद होती. जळक्या तेलाच्या पाठीशी कोणीच नाही. ज्याच्यामागे मतांचा गठ्ठा नाही, ते राष्ट्रहिताचे असले तरी मागे पडते, हे आपल्या लोकशाहीला शोभणारे नाही.

दुसरा आक्षेप विजेच्या वाहनांचा. रेल्वेचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले, शहरांत विजेच्या बसगाड्या आल्या. मग बायोडिझेल कशाला? विजेचे स्वागतच आहे. परंतु लांब पल्ल्याची मालमोटार, शेतातील ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कोळीबांधवांची यांत्रिक नौका आणि रुग्णालयांची जनित्रे पुढील पुष्कळ वर्षे डिझेलवरच चालणार आहेत. शिवाय देशातील शेवटचे डिझेल इंजिन थांबेल त्या दिवशीही वडे तळले जातीलच आणि जळक्या तेलाची विल्हेवाट लावावी लागेलच.

शासनाकडे मागण्या स्पष्ट आहेत. वापरलेल्या तेलापासूनच्या बायोडिझेलला इथेनॉलप्रमाणे खर्चावर आधारित आणि अनेक वर्षांची हमी असलेला भाव द्या. ताजे तेल किती घेतले आणि वापरलेले किती दिले, याच्या पावत्या दाखवल्याखेरीज मोठ्या उपाहारगृहांच्या व फरसाण कारखान्यांच्या परवान्यांचे नूतनीकरण करू नका. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांच्या हाती तेल तपासण्याचे साधे मापक द्या आणि ते वापरले जाते की नाही हे पाहा. आयात पाम पदार्थांपासून बनवलेल्या इंधनाची उद्दिष्टपूर्तीत गणना करू नका.

प्रारंभ आपल्या ओट्यापासून

परंतु सर्व भार सरकारवर टाकून मोकळे होण्याची सवय आपणही सोडली पाहिजे. दिवाळीचा फराळ आटोपल्यावर कढईत उरलेल्या तेलाचे आपण काय करतो? काही घरांत ते पुढचे पंधरा दिवस फोडणीला जाते, काही घरांत मोरीत ओतले जाते. पहिल्या प्रकारात आपण आपल्याच माणसांच्या प्रकृतीशी खेळतो, दुसऱ्यात गावाची गटारे तुंबवतो आणि नदीच्या पाण्यावर तेलाचा तवंग चढवतो. एका घराचे अर्धा-एक लिटर तेल ते काय, असे वाटेल. पन्नास घरांच्या एका वसाहतीचे ते पंचवीस ते पन्नास लिटर होते, आणि गावात अशा वसाहती किती आहेत हे ज्याने-त्याने मोजावे.

वस्तीवस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे काम नवे वाटू नये. रद्दी गोळा करून वाचनालये उभी करणारी माणसे आपल्यात आहेत. वसाहतीच्या फाटकाशी झाकणाचा एक डबा, महिन्यातून एक ठरलेला वार आणि अधिकृत संकलकाची नोंद, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. महिला मंडळे आणि बचत गट यांनी पुढाकार घेतला तर त्यांना उत्पन्नाचे छोटे साधनही मिळेल. गणेशोत्सवात आणि विवाहसमारंभांत जेथे मोठ्या कढया चढतात, तेथे आचाऱ्याला आधीच विचारावे : 'तळणीचे तेल उरल्यावर कोठे जाणार?' नेहमीच्या फरसाणवाल्यालाही हाच प्रश्न ग्राहक म्हणून नम्रपणे, पण न चुकता विचारावा. दहा ग्राहकांनी विचारले की दुकानदार सावध होतो; शंभरांनी विचारले की सुधारतो. निरीक्षक वर्षातून एकदा येतो, ग्राहक रोज येतो.

येत्या १० ऑगस्टला पुन्हा व्यासपीठे सजतील आणि पुन्हा शेंगदाणा तेलाची कथा सांगितली जाईल. ती ऐकून टाळ्या वाजवण्यापूर्वी आपल्या घरातील, वसाहतीतील आणि गल्लीच्या कोपऱ्यावरील कढईतले तेल कोठे गेले, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशी द्यावे. ते उत्तर 'इंजिनात' असे येईल, तेव्हाच तो दिवस साजरा करण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल.